डायरेक्ट केलेली खुर्ची

काम अगदी साधं होतं. जिन्यावर बसवायची खुर्ची बघायची, चार प्रश्न विचारायचे, सही करायची आणि घरी यायचं. सकाळी अकराला बाहेर पडताना इन्स्पेक्टरबाई धाकट्या बहिणीला सांगून गेल्या होत्या, "जेवायला येतेच मी." प्रत्यक्षात जेवायला तीन वाजले, आणि तेही रागाच्या भरात अर्धंच झालं.

त्यांना सगळे इन्स्पेक्टरबाई म्हणत, कारण एकतीस वर्षं त्यांनी कारखाने तपासले होते. यंत्रापुढची जाळी जागेवर आहे की सुतळीने वर बांधून ठेवली आहे, लाल बटण दाबल्यावर यंत्र खरंच थांबतं की ते नुसतं शोभेला लावलंय, हे बघणं त्यांचं काम. या कामापायी त्यांनी मालकांचे शिव्याशाप खाल्ले, बदल्या भोगल्या, पण कानाडोळा कधी केला नाही. नोकरी संपली तरी सवय गेली नाही. शेजारणीकडे चहाला गेल्या तरी आधी गॅसची नळी हाताने चाचपून बघत आणि मगच बसत.

दोघी बहिणी एका घरात राहत. वर झोपायची खोली आणि न्हाणीघर, खाली स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची मोठी खोली. या मोठ्या खोलीत धाकटीचं वाचनालय होतं. बावीस वर्षं ती रोज चारच्या ठोक्याला टेबलाशी बसे आणि येणाऱ्या प्रत्येकाला, त्याने मागितलेलं सोडून, तिच्या मते त्याने वाचायला हवं ते पुस्तक देई. दोन वर्षांपूर्वी तिला झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. ती वर अडकली आणि वाचनालयाला कुलूप लागलं. दोनदा शेजाऱ्यांनी तिला उचलून खाली आणलं होतं, पण ते तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ताई, मला सामानासारखं हलवू नका गं," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा खाली यायचं नाव काढलं नाही.

म्हणून खुर्ची. धाकटीचा मुलगा दूरच्या शहरात नोकरीला होता. त्याने तिथूनच कंपनी शोधली, बोलणी केली आणि फोन करून सांगितलं, "मावशी, सगळं ठरलंय. तू फक्त जाऊन बघून ये, म्हणजे तुझं समाधान."

दुकानात एका बाजूला पाच पायऱ्यांचा लाकडी जिना उभा केला होता. तो वर जाऊन भिंतीलाच टेकत होता. कडेने रूळ आणि रुळावर पांढरी खुर्ची. टायवाला विक्रेता हसतमुख होता आणि प्रत्येक वाक्यात दोनदा मॅडम म्हणत होता.

"पट्टा?" इन्स्पेक्टरबाईंनी वही उघडली.

"आहे ना, मॅडम."

"पट्टा न लावता खुर्ची निघते का?"

टायवाला घुटमळला. "निघते. पण लावायचा असतोच ना, मॅडम."

"म्हणजे लोक लावत नाहीत. बरं. वर पोचल्यावर वळते का? जिन्याच्या तोंडाशी पाय लोंबकळत उतरायचं नाहीये माझ्या बहिणीला."

"वळते, आणि वळल्यावर जागच्या जागी घट्ट बसते. उतरताना फिरणार नाही."

"वीज गेली तर?"

"बॅटरीवरच चालते, मॅडम. वीज नुसती चार्जिंगला."

"बटण उजव्या हाताला हवं. डावा हात चालत नाही तिचा. आणि दाबून धरलं तरच चालायला हवी. हात निघाला की थांबली पाहिजे."

"तशीच आहे, मॅडम."

"आणि वाटेत कुणी आलं तर?"

टायवाल्याचा चेहरा खुलला. हे त्याचं आवडतं वाक्य असावं. "पाय ठेवायच्या फळीला सगळ्या बाजूंनी सेन्सर आहे. नुसता स्पर्श झाला तरी जागीच थांबते. लहान मूल असो, मांजर असो..."

"दाखवा."

"म्हणजे... तशी ती थांबतेच, मॅडम."

इन्स्पेक्टरबाईंनी रिमोटचं बटण दाबून धरत खुर्ची वरून खाली सोडली आणि तो "नको, नको" म्हणेपर्यंत दुसऱ्या हातातली छत्री पायरीवर आडवी ठेवली. खुर्ची आपल्या संथ चालीने आली. फळी छत्रीला टेकली. खुर्ची थांबली नाही. काड्या कडाकड मोडल्या, दांडा वाकला, आणि छत्रीवरून पुढे होऊन खुर्ची तळाशी येऊन उभी राहिली.

इन्स्पेक्टरबाईंनी छत्रीकडे बोट दाखवलं.

"ही डेमोची आहे ना, मॅडम," टायवाला रुमालाने कपाळ टिपत म्हणाला. "कस्टमर बसले की मधेच थांबायची. इम्प्रेशन खराब होतं. म्हणून डायरेक्ट करून ठेवलीय."

डायरेक्ट. एकतीस वर्षांत हा शब्द त्यांनी हजारदा ऐकला असेल. राखण करणारी वस्तू कटकट करते म्हणून तिच्या दोन तारा एकमेकींना जोडून टाकायच्या, की यंत्राला वाटतं सगळं आलबेल आहे. मग कुणाचं तरी बोट जातं, कुणाचा तरी हात जातो, आणि मालक म्हणतो, कामगार निष्काळजी होता. इन्स्पेक्टरबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. त्यांनी त्या टायवाल्याला असं काही फैलावर घेतलं की आतल्या खोलीतून मॅनेजर धावत आला, आणि तो आल्यावर त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी दोघांकडून त्यांनी कागदावर लिहून घेतलं: खुर्ची नवी कोरी, पट्टा, वळण, उजवं बटण, सेन्सर चालू. दोघांच्या सह्या घेतल्या आणि मोडकी छत्री तिथेच टेबलावर ठेवून त्या बाहेर पडल्या.

आठवड्याने फिटर आला. पन्नाशीचा, अबोल, हाताने स्वच्छ काम करणारा माणूस. दिवसभरात त्याने तेरा पायऱ्यांना रूळ बसवला आणि खालून खुर्ची बोलवायचा रिमोट भिंतीला अडकवला. तो आवराआवर करत असताना इन्स्पेक्टरबाईंनी वाटेत एकदा शब्दकोश ठेवला, एकदा उशी, आणि शेवटी स्वतःची चप्पल. तिन्ही वेळा खुर्ची अलगद टेकली आणि थांबली. फिटर त्यांच्याकडे बघत होता. "असं बघून घेणारं कुणी भेटत नाही हो," तो हळूच म्हणाला, आणि का कोण जाणे, लगेच मान खाली घालून स्क्रूड्रायव्हर पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता धाकटी खाली आली. स्वतःच्या हाताने बटण दाबून, ताठ बसून, केसांत फूल माळून. दारात सात-आठ जुने वाचक उभे होते. त्यातल्या पोस्टातून निवृत्त झालेल्या गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या आणि धाकटीने त्यांना तिथल्या तिथे मागच्या दोन वर्षांपासून त्यांच्याकडे राहिलेल्या तीन पुस्तकांची आठवण करून दिली. इन्स्पेक्टरबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि तोंडात पदराचा बोळा धरून पोटभर रडल्या.

आठ दिवस असे सुखात गेले. नवव्या दिवशी, चारला पाच कमी असताना, खाली येणारी खुर्ची वरून सातव्या पायरीवर थांबली.

वाटेत काही नव्हतं. धाकटीने बटण सोडलं, पुन्हा दाबलं. खुर्ची हलेना. मिनिटभर बटण दाबून धरल्यावर आपली आपण सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तेच, त्याच पायरीवर, त्याच वेळी. तिसऱ्या दिवशी पाच मिनिटं. सकाळी रिकामी चालवून बघितली तर खुर्ची सरळ खाली येई.

चौथ्या दिवशी इन्स्पेक्टरबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. भर दिवसाचं ऊन जिन्याच्या खिडकीतून पायऱ्यांवर पडलं होतं. खुर्ची घूं घूं करत आली आणि थांबली. वास आधी आला. ओल्या फडक्याचा, त्यात फिनेलचा. त्यांच्या घरात फिनेल वापरत नसत. धाकटीला त्याने खोकला येई. मग सातव्या पायरीवर वीतभर रुंदीचा ओला पट्टा दिसला. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे तो हळूहळू लांब होत होता.

"ताई," धाकटी हलक्या आवाजात म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "माझ्या पायाखाली कुणीतरी बसलंय... पाठ टेकलीय फळीला."

दुसऱ्या दिवशी चारच्या आधी फिटर हजर झाला. त्याने झाकण उघडलं, मीटर लावला, तारा तपासल्या. सेन्सर उत्तम होता. तेवढ्यात चार वाजत आले आणि त्याच्यादेखत धाकटीला घेऊन येणारी खुर्ची सातव्या पायरीवर थांबली.

"काही नसतं हो, बाई," तो घाईघाईने म्हणाला. "असं करतात कधीकधी. डायरेक्ट करून देतो. दोन मिनिटांचं..."

"हात लावाल तर याद राखा." इन्स्पेक्टरबाईंचा आवाज कारखान्यात घुमायचा तसा घुमला. "भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण सेन्सरवर आहे. वाटेत कुणीतरी आहे असं तो म्हणतोय, तर आहे. आपल्याला दिसत नाही हा आपला दोष. आंधळ्याने वाट दाखवणाऱ्याचे डोळे फोडायचे नसतात."

फिटरचं लक्ष पायरीकडे गेलं होतं. ओला पट्टा रुळाच्या कडेपर्यंत आला, कोपऱ्यात दोनदा मागेपुढे झाला, जसं एखादी टापटिपीची बाई कोपरा घासून काढते. फिटर मटकन पायरीवर बसला.

"काकू..." तो म्हणाला.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. ही खुर्ची नवी नव्हतीच. एका घरातून काढून आणलेली, रंग मारून, जुन्या नंबराच्या पट्टीवर नवी पट्टी चिकटवून विकलेली. त्या घरात एक म्हातारं जोडपं होतं. काका खुर्चीवरून ये-जा करत. काकू रोज चार वाजता जिना पुसत.

"खुर्ची आली तरी काकू उठायच्या नाहीत," फिटर जमिनीकडे बघत बोलत होता. "मीच दाखवलं होतं ना त्यांना, कशी थांबते ते. फार आवडलं होतं. खुर्ची यायची, पाठीला टेकायची, थांबायची. मग त्या हसत हसत सरकायच्या. काका चिडायचे. म्हणायचे, रोजची कटकट आहे ही, मधेच थांबते. कंपनीला फोन केला त्यांनी. साहेब म्हणाले, जा, डायरेक्ट करून ये. मी केलं."

"आणि काकूंना सांगितलं नाही."

"काकू घरी नव्हत्या तेव्हा. भाजी आणायला गेलेल्या." त्याने तोंडावरून हात फिरवला. "काकांना ऐकू कमी येतं. तिरपं बसतो ना माणूस खुर्चीत, खालचं दिसत नाही. खुर्ची खाली पोचल्यावरच त्यांना..."

"कंपनीने काय लिहिलं?"

"पाय घसरून पडल्या."

इन्स्पेक्टरबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. त्या जिन्यात भीती होती, नाही कशी? पण भीतीच्या वर चार बोटं संताप उभा होता. त्या बाईने विश्वास ठेवला एवढाच तिचा गुन्हा. तिला यंत्राने मारलं नव्हतं. तिला न सांगता जोडलेल्या दोन तारांनी मारलं होतं, आणि वर तिच्याच पायावर खापर फोडून मंडळी मोकळी झाली होती. तीच खुर्ची पुसूनबिसून पुढच्या घरात लावायला त्यांचे हात कापले नव्हते.

"आणखी किती घरांत डायरेक्ट केलंत?"

"मोजलं नाही, बाई. कटकटीचा फोन आला की करायचं, अशीच पद्धत आहे. सगळेच करतात. पुढे त्या घरांत काय होतं, कुणी कळवत नाही."

त्यांनी त्याला तिथेच बसवून सगळं लिहायला लावलं. त्याने लिहिलं, सही केली, आणि कागद देताना म्हणाला, "नोकरी जाईल माझी. जाऊ दे."

धाकटी अजून वरच अडकली होती. पट्टा बांधून, एका हाताने खुर्चीचा दांडा धरून तिने सगळं ऐकलं होतं. ती थोडी पुढे वाकली आणि एखाद्या पाहुणीशी बोलावं तशी म्हणाली, "काकू, जरा सरकता का? खाली लोक आलेत हो माझे."

खुर्ची सुरू झाली.

तेव्हापासून रोज तसंच चालू झालं. चारला पाच कमी असताना खुर्ची थांबे. धाकटी म्हणे, "सरकता का, काकू?" आणि काकू सरकत. माणूस कशालाही रुळतो. पुढेपुढे तर धाकटी तिथे थांबून दोन मिनिटं बोलूही लागली. आज कोण कोण आलंय, कुणी पुस्तकाची पानं दुमडून आणली. इन्स्पेक्टरबाई मात्र त्या वेळी जिन्याकडे पाठ करून उभ्या राहत आणि रात्री तक्रारीचे कागद लिहीत बसत. कंपनीला, खात्याला, जुन्या सहकाऱ्यांना. खुर्ची बदलून द्या, त्या मृत्यूची नोंद खरी करा, डायरेक्ट केलेली प्रत्येक खुर्ची शोधून काढा.

भाच्याला फोन केला तर तो म्हणाला, "अगं मावशी, रिकंडिशन्ड असते ती, वापरलेलीच दुरुस्त करून देतात. मला माहीत होतं. सगळे घेतात."

"तुला माहीत होतं?"

"त्यात काय एवढं? आणि ते काकू-बिकू काय लावलंय तुम्ही दोघींनी? आईचं वय झालंय, तुझंही झालंय. मी येतो आणि बघतो."

तो आला. एका सुट्टीच्या दिवशी, हातात फळांची पिशवी घेऊन. आईवर त्याचं प्रेम नव्हतं असं नाही. पण थांबणं ही गोष्ट त्याला जन्मात जमली नाही. दूध तापेपर्यंतही त्याला धीर नसे, आधीच गॅस मोठा करायचा. इन्स्पेक्टरबाईंनी त्याला फिटरचा कागद वाचायला दिला, खुर्चीला बोटही लावायचं नाही म्हणून दोनदा बजावलं, आणि तक्रारीसंबंधी भेटायला बोलावणाऱ्या अधिकाऱ्याच्या घरी गेल्या. सुट्टी असूनही त्या माणसाने वेळ दिली होती. ती सोडणं शक्य नव्हतं.

त्या परत आल्या तेव्हा चार वाजत आले होते. फाटकाशीच त्यांना मोटरची घूं घूं ऐकू आली, आणि मग धाकटीचा आवाज. आजारपणात, दवाखान्यात, कधीच तिने असा आवाज काढला नव्हता.

"थांबव! अरे, थांबव! खाली आहेत त्या!"

इन्स्पेक्टरबाई धावत आत शिरल्या. भाचा जिन्याच्या तळाशी उभा होता, हातातल्या रिमोटचं बटण दाबून धरून, तोंडावर समजूत घातल्यासारखं हसू. पायाशी स्क्रूड्रायव्हर आणि खुर्चीचं काढलेलं झाकण पडलं होतं. "काही नाही गं, आई. बघ, थांबली का कुठे? बघ कशी येतेय..." धाकटी खुर्चीच्या हातावर मूठ आपटत होती, पण तिथल्या बटणाला आता कुणी विचारत नव्हतं. पट्ट्यात अडकलेली ती जेवढं जमेल तेवढे पाय वर ओढून घेत होती. एक वर आला. डावा तिथेच राहिला.

सातव्या पायरीवर खुर्ची थांबली नाही. ती किंचित उचलली गेली, कशावर तरी चढल्यासारखी, आणि पुन्हा खाली बसली. आवाज झाला. तो इथे सांगत नाही. मोटरचा सूर क्षणभर जड झाला आणि पुन्हा मोकळा.

इन्स्पेक्टरबाईंनी भाच्याच्या हातावर एवढ्या जोराने फटका मारला की रिमोट भिंतीवर जाऊन फुटला. खुर्ची थांबली. घरात फिनेलचा वास इतका भरला होता की डोळे चुरचुरत होते. पायरीवर ओला पट्टा अर्ध्यापर्यंत आलेला होता. त्यापुढे पायरी कोरडी होती, आणि बराच वेळ सगळे बघत राहिले तरी तो पट्टा पुढे गेला नाही.

"त्या बोलत होत्या, ताई," धाकटी म्हणाली. "फळी पाठीला टेकली ना, तेव्हा हसल्या. म्हणाल्या, थांबते हो ती... थांबते ती... आणि मग परत म्हणाल्या, थांबते ना?"

भाचा म्हणाला, "कोण बोलत होतं? मला काही ऐकू आलं नाही."

"तुला येणार नाहीच!" इन्स्पेक्टरबाई कडाडल्या. "तुमच्यासारख्यांना कधी काही ऐकू येत नाही. एकाच बाईला दोनदा मारलंत रे. दोन्ही वेळा तिला न सांगता. एकदा त्या घरात आणि एकदा माझ्या." आणि मग त्या, एकतीस वर्षांत अपघाताच्या जागी कधी न रडलेल्या, त्या अर्धवट पुसलेल्या पायरीशी खाली बसल्या.

भाच्याने आईला उचलून खाली आणलं. तिने त्याच्या गळ्यात हातही घातला नाही. दुसऱ्या दिवशी तो मान खाली घालून परतीच्या गाडीत बसला.

पुढच्या आठवड्यात फिटर आपण होऊन आला, रूळ उखडला आणि खुर्चीचे तुकडे तुकडे करून घेऊन गेला, म्हणजे ती तिसऱ्या घरात जायला नको. कंपनीवर चौकशी बसली. धाकटीचा पलंग खाली वाचनालयातच टाकला, मागच्या कोठीचं न्हाणीघर केलं, आणि ती पुन्हा चारच्या ठोक्याला टेबलाशी बसू लागली. जिन्यातला वास गेला. इन्स्पेक्टरबाई वर झोपायला जाताना सातव्या पायरीवर पाय ठेवत नसत. पण तिथे आता काहीच नव्हतं. तेच त्यांना सहन होत नव्हतं.

भाच्याचा फोन त्यानंतर महिन्याने आला. सकाळी, त्या चहा गाळत असताना.

"मावशी, एक विचारू?" त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त जरा घाईचा. "आमच्या इमारतीची लिफ्ट दहा माणसांची आहे. मी एकटा आत गेलो तरी घंटी वाजते. वजन जास्त म्हणते. बाहेर आलो की बंद. दुसरा कुणीही गेला की चालते. तीन दिवस झाले, मी अकरा मजले चढतोय गं."

इन्स्पेक्टरबाईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली. सेन्सर काय म्हणतोय ते त्यांना कळलं होतं, आणि फिटरने न मोजलेली घरं आणि त्यांतली माणसं एकदम डोळ्यांपुढे उभी राहिली. एकट्या काकूंनी काय एवढं वजन होतं? "तू आत्ता कुठे आहेस?"

"खालीच. तळमजल्यावर. पण काळजी नको, लिफ्टवाला आलाय. त्याने आत्ताच डायरेक्ट करून दिलं."

"आत जाऊ नकोस! ऐकतोयस ना? बाहेर ये!"

"अगं, आत आहे मी. घंटी बंद झाली बघ. दार मिटलं." त्याचा सुटकेचा निःश्वास फोनमध्ये स्पष्ट ऐकू आला. त्याच्या मागे कपड्यांची सळसळ होती, कुणीतरी हलकेच खाकरलं, दाटीत उभी माणसं एकमेकांना जागा करून देतात तसं. "निघाली. मावशी... ही खाली चाललीय."

"काय?"

"पण मी तळमजल्यावरच होतो ना..."